मला कोणी विचारलंच नाही

(आपल्या १९८३ च्या दहावीच्या तुकडीच्या नाकाडोंगरी येथील स्नेहमेळाव्यात केलेले भाषण. बोलताना राहून गेलेल्या एक-दोन गोष्टी लिहिताना घातल्या आहेत.)

 

संयोजकांनी मला विषय दिला, 'गाव, राजकारण आणि आपण'. मी म्हटले, बापा, हा विषय मला कशाला? तर म्हणाले, तू चौतीस वर्षे ग्रामसेवक होतास, तुला सोपे जाईल. पण ग्रामसेवकाला बोलायची सवय नसते. सभेत सरपंच बोलतात, सदस्य बोलतात, कधीकधी सरपंचबाईंचे यजमान बोलतात. ग्रामसेवक खाली मान घालून लिहीत असतो. १९९१ ते २०२५ मी लिहीतच होतो. शेवटच्या वर्षी तर सरकारने आमच्या पदाचे नाव बदलून 'ग्रामपंचायत अधिकारी' केले, पण लिहिण्याचे काम तेच राहिले. तेव्हा बोलताना चुकलो तर सांभाळून घ्या.

दुसरी अडचण अशी की आपल्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर नियम आहे, 'राजकीय पोस्ट टाकू नये'. गुरुजनांना हा नियम का झाला ते माहीत नसेल, म्हणून सांगतो. एप्रिल २०२४ मध्ये लोकसभेच्या निवडणुकीच्या आठवड्यात ग्रुपवर दोघांचे भांडण झाले. ते रात्री अकरापर्यंत चालले. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघांतला एक जण ग्रुप सोडून गेला आणि ॲडमिनने हा नियम लावला. त्या दोघांतला राहिलेला तो मी. गेलेला आज इथे आला आहे. त्याच्याकडे मी शेवटी येतो. आधी आपण वर्गात जाऊ.

आपला वर्ग आठवा. धानाची शेती असलेल्या घरांतली मुले होती. चिखला आणि डोंगरी बुजुर्गच्या मॅंगनीज खाणींत बाप कामाला असलेली मुले होती. जंगल खात्यातल्या नोकरांची होती, मोहफुले आणि तेंदूपाने वेचून दप्तराचे पैसे आणणारी होती. काही तिरोडीच्या गाडीने गोबरवाहीपर्यंत येणारी, काहींची मामाची गावे बावनथडीच्या पलीकडे, म्हणजे मध्य प्रदेशात. वर्गात पुस्तकातली मराठी, मैदानावर झाडी आणि पोवारी, आणि भांडताना सगळ्यांची हिंदी. एका बाकावर चार जातींची, दोन राज्यांची आणि निदान तीन पक्षांच्या घरांतली पोरे बसत होती. भांडणे भरपूर झाली, पण बाक सोडून कोणी गेल्याचे मला आठवत नाही. गेला असता तरी बसणार कुठे? बाक तेवढेच होते.

नागरिकशास्त्र हा विषय इतिहासाच्या मागे शेपटासारखा जोडलेला असायचा. परीक्षेच्या आधी पाठ करायचा आणि विसरायचा. पण आपल्या सरांनी तो तसा शिकवला नाही. सर आज समोर बसले आहेत, वय ऐंशीच्या पुढे आहे, म्हणून त्यांच्यासमोरच सांगतो. नववीत असताना त्यांनी आपली खोटी ग्रामसभा भरवली होती. शाळेच्या मागे चिंचेखाली. एक सरपंच केला, पाच सदस्य केले, बाकी सगळे गावकरी. माझे अक्षर चांगले म्हणून मला ग्रामसेवक केले. पुढे नोकरी तीच लागली, तेव्हा घरी सगळे म्हणाले, सरांनीच नेमणूक केली होती. विषय होता, शाळेच्या सहलीच्या पैशांतून चेंडू-नेट आणायचे की ग्रंथालयाला कपाट. पोरांनी आरडाओरडा केला, चेंडू-नेट ठरले. मी झोकात इतिवृत्त लिहिले, 'सर्वानुमते मंजूर', आणि वाचून दाखवले.

सरांनी वही हातात घेतली. मागच्या रांगेत बसलेल्या एका मुलीकडे बोट दाखवले आणि विचारले, "तू हो म्हणालीस का गं?"

ती उभी राहिली. सगळे तिच्याकडे बघत होते. ती म्हणाली, "मला कोणी विचारलंच नाही."

सर मला म्हणाले, "मग तू 'सर्व' हा शब्द कुठून आणलास?" वर्ग हसला. मीही हसलो. सरांनी 'सर्वानुमते'वर लाल रेघ मारली आणि खाली लिहिले, 'फिरून सभा घ्यावी'. फिरून सभा काही झाली नाही, कारण परीक्षा आली. ती मुलगी आज आपल्यात आहे. तिने अंगणवाडीत आयुष्य काढले. मघाशी प्रास्ताविक तिनेच केले आणि आज कोणाची परवानगी न घेता ठरल्या वेळेपेक्षा दहा मिनिटे जास्त बोलली, याचा मला फार आनंद झाला.

सरांचा दुसरा तास आठवतो तो निवडणुकीचा. त्यांनी विचारले होते, "आपल्या जिल्ह्याने कोणाला हरवले, माहीत आहे का?" कोणालाच माहीत नव्हते. मग त्यांनी १९५४ ची गोष्ट सांगितली.

भंडारा लोकसभेची पोटनिवडणूक होती. तेव्हा आपला जिल्हा मध्य प्रदेशात होता आणि राजधानी नागपूर होती. उमेदवार होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. १९५२ मध्ये मुंबईत ते काँग्रेसच्या नारायण काजरोळकरांकडून हरले होते. नंतर राज्यसभेवर गेले होते, पण त्यांना लोकांतून निवडून लोकसभेत जायचे होते. भंडाऱ्यात ते काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांकडून सुमारे आठ हजार मतांनी हरले. ज्यांनी राज्यघटनेचा मसुदा तयार करणाऱ्या समितीचे अध्यक्षपद सांभाळले, त्यांना आपल्या जिल्ह्याने नाही म्हटले.

त्या काळी काही मतदारसंघ दोन जागांचे होते. भंडारा त्यांतला एक. एक जागा सर्वसाधारण, एक राखीव. प्रत्येक मतदाराला दोन मते. दोन्ही एकाच उमेदवाराला देता येत नसत. प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी आणि पेटीवर त्याचे चिन्ह. ज्याच्या पेटीत कागद टाकला त्याला मत. सर्वसाधारण जागेवर प्रजा समाजवादी पक्षाचे अशोक मेहता निवडून आले. १९६१ च्या कायद्याने ही दोन जागांची पद्धत बंद झाली.

यातली एक हकिगत जुनी माणसे सांगतात आणि सरांनीही सांगितली होती. बाबासाहेबांच्या कार्यकर्त्यांनी सुचवले की आपल्या मतदारांनी एक मत तुम्हाला द्यावे आणि दुसरे वाया घालवावे. म्हणजे ते दुसऱ्या कोणाच्या उपयोगी पडणार नाही. हिशेबाने ते बरोबर होते. बाबासाहेबांनी ते मानले नाही. मत वाया घालवा, असे मी लोकांना सांगणार नाही, असे त्यांचे म्हणणे. सर आपल्याला म्हणाले होते, "हरणे ही एक गोष्ट आहे आणि मत जाळायला सांगणे ही दुसरी. यातली कोणती मोठी, ते तुम्ही मोठे झाल्यावर ठरवा."

मी घरी जाऊन बापाला विचारले, तुम्ही १९५४ ला कोणाला मत दिले? बाप धुऱ्यावर बसून विडी ओढत होता. म्हणाला, "ते सांगाचं नसते." एवढेच. त्याला सही येत नव्हती, पण मत गुप्त असते हे पक्के माहीत होते. आणि गंमत बघा, माझा बाप जन्मला त्याच घरात गेला, पण तेवढ्या काळात त्याचे राज्य चार नावांचे झाले. आधी मध्यप्रांत-वऱ्हाड, मग मध्य प्रदेश, १ नोव्हेंबर १९५६ पासून मुंबई राज्य आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्र. पुढे १ मे १९९९ ला जिल्ह्याचाही तुकडा पडला आणि गोंदिया वेगळा झाला. वरची नावे बदलत गेली. बांधी तीच, बोडी तीच, शेजारी तेच. म्हणून मला वाटते, आपल्या भागातल्या माणसाला राजकारण म्हणजे मुंबई-दिल्ली कधी वाटलेच नाही. त्याचे राजकारण पाण्याच्या पाटाशी, रस्त्याशी आणि घरकुलाच्या यादीशी असते.

आपण शाळा सोडली तेव्हा मतदानाचे वय २१ होते. आपण वाट पाहत बसलो. आपली एकवीस वर्षे भरली, आणि मार्च १९८९ मध्ये ते १८ वर आले. त्यामुळे नोव्हेंबर १९८९ च्या लोकसभेला माझे पहिले मत आणि माझ्या चार वर्षांनी लहान भावाचे पहिले मत एकाच दिवशी, एकाच रांगेत पडले. तो आजही सांगतो की, मी दादाच्या बरोबरीचा. आम्ही दोघांनी वेगवेगळ्या पक्षांना मत दिले हे घरी परतताना सायकलवर कळले. तो पुढच्या दांडीवर बसला होता, मी चालवत होतो. भांडलो असतो तर दोघेही नालीत गेलो असतो. म्हणून भांडलो नाही.

यानंतर मी नोकरीला लागलो. गावांची नावे सांगत नाही, ती गावे आता माझी नाहीत आणि तिथली माणसे आपल्या बाजूने बोलायला इथे नाहीत. १९९३ मध्ये ७३ वी घटनादुरुस्ती लागू झाली. पंचायतीला घटनेत जागा मिळाली, बायांना एक तृतीयांश राखीव जागा मिळाल्या, पुढे २०११ मध्ये महाराष्ट्रात त्या निम्म्या झाल्या. ग्रामसभेला कागदावर फार मोठे अधिकार मिळाले. कायदा सांगतो की सभेला गावातल्या मतदारांपैकी १५ टक्के किंवा १०० जण, यांतली जी संख्या कमी असेल तेवढे हजर पाहिजेत. तेवढे आले नाहीत तर सभा तहकूब करायची. आणि तहकूब झालेली सभा पुन्हा भरली की तिला गणपूर्तीची अट नाही.

या शेवटच्या वाक्यात सगळी गोम आहे. काही गावांत पहिली सभा कागदावर तहकूब होते आणि दुसरी कागदावर भरते. त्याच्याही पुढची सोय म्हणजे शिपायाच्या हाती रजिस्टर देऊन घरोघर पाठवायचे. जेवणाच्या वेळी सही, नाही तर अंगठा. लोक विचारतही नाहीत कशाची सही. ग्रामपंचायतीचा माणूस आला, म्हणजे काहीतरी आपल्या भल्याचेच असेल, असे समजतात. मग संध्याकाळी कार्यालयात बसून ग्रामसेवक इतिवृत्त लिहितो. विषय क्रमांक एक, सर्वानुमते मंजूर. विषय क्रमांक दोन, सर्वानुमते मंजूर.

मित्रांनो, हे मी दुसऱ्यांचे सांगत नाही. मी हे केले आहे. एकदा नाही, काही वर्षे केले आहे. सर, हे तुमच्यासमोर सांगायचे म्हणून मी काल रात्री नीट झोपलो नाही.

एका गावात इंदिरा आवासच्या घरकुलांची यादी होती. ती ग्रामसभेत वाचायची, हरकती घ्यायच्या आणि मंजूर करायची, असा नियम. रोवणीचे दिवस, लोक चिखलात. वरून तारखेची घाई. यादीतली दोन नावे खालीवर करा असे मला सांगण्यात आले आणि मी केली. सांगणाऱ्याचे नाव घेत नाही, कारण पेन माझ्या हातात होता. सभा झाली असे लिहिले. सह्या गोळा झाल्या. खाली सरकवलेल्या नावांत एक म्हातारी होती. नवरा नाही, मुलगा कामाला दूर गेलेला, घरात ती आणि नातू. त्याच रजिस्टरवर तिचाही अंगठा होता.

माहिती अधिकाराचा कायदा ऑक्टोबर २००५ पासून लागू झाला होता. तिचा नातू दहावीला होता. त्याने अर्ज केला. अर्ज माझ्याकडेच आला, कारण ग्रामपंचायतीचा माहिती अधिकारी मीच. मी नियमाप्रमाणे इतिवृत्ताची प्रत दिली, शिक्का मारून. तिसऱ्या दिवशी म्हातारी नातवाला घेऊन कार्यालयात आली. खुर्चीवर बसली नाही, दारातच उकिडवी बसली. नातवाने कागद पुढे केला. ती म्हणाली,

"बाबू, मी सभेत होती म्हन्ता ना? माहा अंगठा आहे. त मंग मी का बोलली, ते वाचून दाखवा."

ती भांडायला आली नव्हती. तिच्या मनात खरोखर शंका होती. कागदावर आपण हजर आहोत, म्हणजे आपण काहीतरी बोललो असू, आणि आपलेच नाव खाली जाताना आपण गप्प कशा बसलो, हे तिला कळत नव्हते. मी कागद हातात घेतला. त्यात तिच्या नावाने एक अक्षर नव्हते. होते ते 'सर्वानुमते'. त्या सर्वांत ती होती. तिचे घर दुसऱ्याला देण्याच्या ठरावाला मी तिची संमती लिहिली होती.

मला त्या क्षणी सरांची लाल रेघ आठवली, असे म्हणालो तर ऐकायला बरे वाटेल. पण खरे सांगायचे तर मला आधी नोकरी आठवली. चौकशी लागेल का, एवढेच डोक्यात आले. मी तिला म्हणालो, "आजी, पुढच्या यादीत तुमचे नाव नक्की घालतो." ती उठून गेली. तक्रार तिने केली नाही. सरांची आठवण आली ती रात्री, आणि मग बरीच वर्षे येत राहिली.

पुढच्या यादीत तिचे नाव आले. घर मिळाले. पण मधे दोन पावसाळे गेले. ते तिने ताडपत्रीखाली काढले. त्या दोन पावसाळ्यांची नोंद कुठल्याही रजिस्टरात नाही.

त्यानंतर मी काय केले ते सांगतो, म्हणजे केवळ रडगाणे होणार नाही. मी मोठा सुधारक झालो नाही. तीन साध्या गोष्टी केल्या. पहिली, रजिस्टर कार्यालयाबाहेर पाठवणे बंद केले. ज्याला सही करायची त्याने सभेला यायचे. दुसरी, सरपंचांना विनंती करून सभेची वेळ बदलली. दुपारची सभा म्हणजे ज्यांना काम नाही त्यांची सभा. रोवणी-कापणीच्या दिवसांत संध्याकाळी सात वाजता घेतली. तिसरी, इतिवृत्त तिथेच लिहून, लोक उठायच्या आत वाचून दाखवू लागलो आणि 'सर्वानुमते' लिहायच्या आधी विचारू लागलो, कोणाचे नाही आहे का?

पहिल्या सभेला बावीस जण आले. तहकूब केली. खरोखर तहकूब केली. दुसरीला चाळीसेक. वर्षभराने गणपूर्ती होऊ लागली. बाया महिला सभेत बोलत, पण मोठ्या सभेत मागे भिंतीला टेकून बसत. त्यांना पुढे बसवले. त्यांचा पहिला प्रश्न हातपंपाचा होता, दुसरा दारूच्या दुकानाचा. एकदा सभा मारामारीवर गेली आणि मला पोलिसांना बोलवावे लागले. एका सरपंचांनी माझी बदली मागितली आणि ती झालीही. नवीन गावात पुन्हा बावीसपासून सुरुवात. काही ठिकाणी जमले, काही ठिकाणी नाही जमले. पण एक फरक मला दिसला. भांडण सभेत झाले की दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर कमी होते. सभेत झाले नाही की वर्षभर पुरते.

एकदा मी गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यातले मेंढा-लेखा हे गाव पाहिले. 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा तुम्ही ऐकली असेल, ती त्या गावची. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांची नावे त्या कामाशी जोडलेली आहेत. वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये त्या गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. बांबू गावाचा, पण वाहतुकीचा परवाना जंगल खात्याचा, यावर ते अडून बसले. एप्रिल २०११ मध्ये केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत ते पासबुक गावाच्या हाती आले. पण मला सगळ्यात जास्त शिकवले ते त्यांच्या ग्रामसभेने. तिथे मतदान करून बहुमताने ठरवत नाहीत, सर्वसहमतीने ठरवतात. एकाचे जरी नाही असले तरी विषय पुढच्या सभेला. त्याआधी अभ्यासगटात बसून त्या विषयाची माहिती काढतात, बोलतात, पुन्हा बोलतात.

मी विचार केला, माझ्या रजिस्टरातला शब्द 'सर्वानुमते', त्यांचा 'सर्वसहमती'. अर्थ जवळजवळ एकच. माझा शब्द लिहायला दोन सेकंद लागतात. त्यांचा यायला कधी कधी महिने लागतात. आपल्या मोठ्या, मिश्र गावांत तसे जमेलच असे मी म्हणत नाही. पण विचारायला तरी काय हरकत आहे?

आता आपल्या मंडईबद्दल थोडे बोलतो. दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरायची. रात्री दंडार, नाही तर खडी गंमत. आपण शेकोटीजवळ पोत्यावर बसून पहाटेपर्यंत पाहिली आहे. त्या गमतीतला सोंगाड्या काय करायचा? पहिल्या रांगेत खुर्चीवर बसलेल्या सरपंचाला, पाटलाला, सावकाराला नाव न घेता टोमणे मारायचा. रस्ता झाला नाही तर रस्त्यावरून, धानाचे माप कमी भरले तर मापावरून. सगळे हसायचे, आणि ज्याच्यावर टोमणा त्यालाही हसावे लागायचे. न हसला तर दुसऱ्या दिवशी गाव त्याच्यावर हसे. हीदेखील एक ग्रामसभाच होती, फक्त तिचे इतिवृत्त नव्हते. टोमणा मारणारा आणि खाणारा एका शेकोटीच्या उजेडात असायचे. दोघांना एकमेकांचा चेहरा दिसायचा.

मंडई आजही भरते, गमतीही होतात, त्यांचा मला आनंद आहे. पण चौकात आता वाढदिवसाचे फ्लेक्स आहेत, त्यांत नेते सगळे हसताना आणि लोक कुठेच नाहीत. आणि टोमणे मोबाईलवर गेले आहेत. तिथे चेहरा दिसत नाही. समोरचा हसला की त्याच्या डोळ्यांत पाणी आले, कळत नाही.

आणि इथे मी माझ्या मित्राकडे येतो.

एप्रिल २०२४ च्या त्या रात्री त्याने एक पोस्ट पुढे पाठवली. मी ती पूर्ण वाचली नाही. दोन ओळी वाचल्या, हा कोणत्या बाजूचा ते मनात ठरवले आणि लिहायला बसलो. माझी नोकरी सरकारी, निवडणुकीच्या काळात असे काही लिहू नये हा नियम मला पाठ. तरी लिहिले. त्याने उत्तर दिले. मी त्याच्या धंद्यावर गेलो. मग मी त्याच्या बापावर गेलो. त्याचा बाप खाणीत काम करायचा. आपण त्यांच्या घरी रविवारी भात आणि मासोळी खाल्ली आहे. त्या माणसाबद्दल मी जे लिहिले ते इथे उच्चारता येणार नाही. सर समोर बसले असते तर मी ते लिहिले असते का? तो माझ्याशेजारी बाकावर बसला असता तर बोललो असतो का?

त्या रात्री ग्रुपवर आपण सदतीस जण होतो. बाकीचे पस्तीस वाचत होते, कोणी काही बोलले नाही. तुम्हाला मी दोष देत नाही. तुम्हाला कोणी विचारलेच नाही.

पुढे दीड वर्ष मी मनात म्हणत राहिलो की त्याचे विचार चुकीचे आहेत. अजूनही मला ते चुकीचे वाटतात. पण मागच्या महिन्यात या भाषणाची तयारी करताना मी ती पोस्ट शोधून काढली आणि शेवटपर्यंत वाचली. तिच्यात शेवटी त्याने स्वतःच्या दोन ओळी लिहिल्या होत्या. धानाच्या बोनसबद्दल, त्याच्या भावाच्या शेतीबद्दल. तो प्रश्न विचारत होता. पक्षाचे काही म्हणणेच नव्हते. मी त्याचे मत न ऐकता त्याच्या नावावर मत लिहून मोकळा झालो. म्हातारीच्या बाबतीत जे केले तेच. फरक एवढाच, की तिच्या वेळी पगार घेऊन केले, इथे फुकट केले.

म्हणून गड्या, तिसऱ्या रांगेत बसला आहेस, मला दिसतो आहेस. मी इथे सर्वांसमोर तुझी माफी मागतो. तुझ्या मतासाठी नाही, ते आपण पुढे बोलू. तुझ्या बापाबद्दल जे लिहिले त्याची. माफ करायचे की नाही, ते तुझे मत. ते गुप्त ठेवलेस तरी चालेल.

आता शेवटचे, आणि मग जेवण आहे, वास येतो आहे.

ॲडमिन, माझी एक सूचना आहे. 'राजकीय पोस्ट टाकू नये' हा नियम काढून टाकावा. रस्ता, शाळा, धानाचा भाव, बावनथडीचे पाणी, दवाखान्यातला डॉक्टर, हे सगळे राजकारण आहे. ते काढले तर ग्रुपवर फक्त शुभ सकाळ उरते. त्याऐवजी दुसरा नियम करावा. दुसऱ्याचे लिहिलेले पुढे ढकलू नये, आपण स्वतः पाहिलेले, भोगलेले लिहावे. आणि उत्तर देण्याआधी समोरच्याला एकदा तरी विचारावे, तुला नेमके काय म्हणायचे आहे?

दुसरी सूचना आपल्या सगळ्यांसाठी. जे गावात आहेत त्यांनी वर्षातून एका तरी ग्रामसभेला जावे, आणि सही सभेतच करावी. जे नागपूरला, पुण्याला, भिलाईला आहेत त्यांनी आपल्या सोसायटीच्या वार्षिक सभेला जावे. तिथेही रजिस्टर फिरते, हे मला माझ्या जावयाने सांगितले आहे. इतिवृत्त वाचून दाखवा म्हणावे. एवढे म्हणायला पक्ष लागत नाही. लिहिणारा गडबडेल, रागावेल. मी लिहिणारा होतो, मला माहीत आहे. पण पुढच्या वेळी तो जपून लिहील.

सर, चिंचेखालची ती सभा 'फिरून घ्यावी' असे तुम्ही लिहिले होते. ती राहिली आहे. चिंच आता नाही, पण माणसे बरीच आहेत. या सूचना मी मांडल्या आहेत. मंजूर की नामंजूर, ते जेवणानंतर ठरवू. या वेळी मागच्या रांगेपासून विचारत येऊ. इतिवृत्त मी लिहीन, आणि उठण्याआधी वाचून दाखवीन.